पाठमोरा

भयपटांची पोस्टरं करण्यात माझी सतरा वर्षं गेली. त्यात गूढ असं काही नसतं. पाऊण कागद काळा, लाल रंग एकाच ठिकाणी, नावाची अक्षरं तडकलेली आणि मधोमध एकटा माणूस, शक्यतो पाठमोरा. चेहरा दिसला की निम्मी भीती ओसरते.

त्या खेपेला मॉडेलने आयत्या वेळी टांग दिली, म्हणून दादाला उभं केलं. दादा माझा थोरला भाऊ. चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर काढायचा. आईबाबा गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. आमच्या ऑफिसच्या कॉरिडॉरमध्ये, चौथ्या दारापाशी, तो पाठ करून उभा राहिला.

"माझी ही बाजू जास्त देखणी आहे, असंच ना?"

"हलू नकोस रे."

निर्मात्यांना पोस्टर आवडलं. "फक्त माणूस जरा लहान वाटतोय," ते फोनवर म्हणाले.

मी पट्टी लावली. बारा सेंटिमीटर ठेवलेला दादा अकरा भरला. चुकून हात लागला असेल, म्हणून पुन्हा बारा केला. दुसऱ्या दिवशी नऊ. मग मूळ फोटो उघडला. त्यात तो सातव्या दारापाशी उभा होता.

आमच्या कॉरिडॉरला दारं सहाच आहेत.

त्या दिवशी जेवताना मी दोनदा पाणी मागितलं, तेव्हा कुठे त्याने मान वर केली.

"दादा, कान तपासून घे एकदा."

"कान ठणठणीत आहेत. तूच किती लांबून बोलतेयस!"

आमच्या मध्ये फक्त टेबल होतं.

मी फाइल पुसली. पोस्टर मागे घ्या म्हणून निर्मात्यांच्या अक्षरशः पाया पडले. "अहो मॅडम, गावभर लागलीत ती," ते हसले. "लोक थांबून बघतायत." मीही थांबून पाहिलं. चौकातल्या मोठ्या पोस्टरवरचा दादा माझ्या नखाएवढा उरला होता.

गुरुवारी सकाळी तो खोलीत नव्हता. चपला जागेवर, दाराला आतून कडी. मी हाक मारली. बऱ्याच वेळाने त्याच्या रिकाम्या खोलीतून, भिंतीच्याही पलीकडून आल्यासारखं, "आलो" ऐकू आलं.

पोलिसांनी खोली पाहिली, कपाट पाहिलं, भिंत ठोकून पाहिली. त्यांच्यासमोर मी हाक मारली.



ते गेल्यावर वीस मिनिटांनी उत्तर आलं.

मग तास लागायला लागला. मग चार.

मी नोकरी सोडली. खोलीबाहेर खुर्ची टाकून बसते. विचारायचं ते जपून विचारते.

काल दुपारी विचारलं, "दादा, जेवलास का?"

उत्तर आज संध्याकाळी आलं. आवाज बारीक, पण स्पष्ट. जरा घाईतला.

"हो गं. जेवतोय आम्ही."