मढ्याची हळद

सुकदेव पहिल्यांदा मेला, त्याच दिवशी त्याला सुंदरा भेटली.

रविवार होता. कापड विणणाऱ्या लूमचे कारखाने बंद होते, म्हणून बमरोलीतल्या खानदेशी कामगारांच्या गल्लीत माणसांचे आवाज ऐकू येत होते. एरवी नुसती खडखड. सुकदेवच्या तोंडाला हळद आणि मैद्याचा लेप होता, डोळ्यांभोवती तव्याची काजळी होती. दोन्ही हात पुढे धरून, पाय ओढत तो कोपऱ्यावरून वळला. समोरून एक मुलगी ताकाची बादली घेऊन येत होती. ती किंचाळली नाही, पळाली नाही. तिने बादली उचलली आणि सगळं ताक त्याच्या तोंडावर ओतलं.

“भरदुपारी, मेल्या?”

“ताई, मी मेलेलो नाही... म्हणजे मेलोय, पण सिनेमात—”

“थांबू नका, थांबू नका!” मागून बन्सीलाल ओरडला. त्याच्या खांद्यावर व्हिडिओ कॅमेरा होता. “बाई, अजून एक बादली आहे का?”

मुलगी मढ्याकडे बघत राहिली. ताकाने अर्धी हळद धुऊन निघाली होती आणि आतून एक घाबरलेला, सावळा, बऱ्यापैकी चेहरा दिसत होता. ती हसायला लागली. पदर तोंडावर धरला, तरी हसू थांबेना. सुकदेव तसाच उभा, हात अजून पुढे. ते खाली घ्यायचं त्याला सुचलंच नाही.

बन्सीलाल लग्नांचं शूटिंग करायचा. कुठल्याशा व्हिडिओ पार्लरमध्ये त्याने चालत्या मढ्यांचा एक इंग्रजी सिनेमा बघितला होता, आणि तेव्हापासून त्याला झोप नव्हती. आपल्या खानदेशी लोकांसाठी तसा एक विनोदी सिनेमा काढायचा, आणि यात्रेच्या दिवसांत अमळनेर-पारोळ्याकडे पडद्यावर दाखवायचा, असं त्याने ठरवलं.

“झोंबी म्हणजे काय रे?” लूमवरच्या पोरांनी विचारलं होतं. “मिरची झोंबते तसं?”

“झोंबी म्हणजे उठलेलं मढं.”

“पण आपल्यात तर जाळतात. मढं उठंल कसं?”

बन्सीलालने थोडा विचार केला. “लाकडं ओली होती,” तो म्हणाला.

सिनेमाचं नाव ठरलं ‘मेला तरी ड्युटीला’. मेलेले कामगार भोंगा वाजला की उठतात आणि सवयीने कारखान्याकडे चालू लागतात. शेठ खूश, कारण मढी चहा मागत नाहीत, आखाजीच्या सणाची सुट्टी मागत नाहीत. शेवटी खानावळीतली एक पोरगी पळी घेऊन त्यांना हाकलायला निघते. त्या पोरीचं काम करायला कोणी तयार नव्हतं. ताकाची बादली बघून बन्सीलालचा प्रश्न सुटला.

पण सुंदराची मावशी, उषाबाई, खानावळ चालवणारी. ती अशी सहज हो म्हणणारी नव्हती. साऱ्या बमरोलीला जेवू घालून तिचा आवाज आणि हात दोन्ही कडक झाले होते.

“पोर माझ्या डोळ्यांसमोर राहील,” ती म्हणाली. “अन् शेवटी हीसुद्धा मढं होते म्हणतोस ना? मग हिची हळद वेगळ्या वाटीत कालवायची. त्या सुकदेवला लावून उरलेली माझ्या पोरीला लावायची नाही.”

“मावशी, हा रंग आहे,” बन्सीलाल म्हणाला.

“हळद ती हळद. नवरदेवाची उष्टी हळद नवरीला लागते. माझी पोर काय अशी गल्लीत लग्न लावून देऊ?”

सगळे हसले. सुंदरा हसली नाही. तिने हळूच सुकदेवकडे बघितलं, आणि तो लगेच कॅमेऱ्याच्या स्टँडकडे बघायला लागला.

पुढचे सगळे रविवार असेच गेले. सुकदेव सहा दिवस लूम चालवायचा आणि सातव्या दिवशी मरायचा. जिवंतपणी त्याला सुंदरासमोर दोन शब्द फुटत नव्हते. पण बन्सीलालने मढ्यांना सांगून ठेवलं होतं, “ओठ हलवत राहा, आवाज काढू नका. घुर्रघुर्र मी मागून भरीन.” बाकीची मढी उगाच जबडा हलवायची. सुकदेव मात्र खरंच बोलायचा.

त्याला ती सवयच होती. लूमच्या खडखडीत कानाशी ओरडलेलंही ऐकू येत नाही. तिथे लोक ओठांनी बोलतात. चार लूम पलीकडचा माणूस ओठ बघून समजून घेतो, की धागा तुटला, शेठ आला, चहाला चल. सुकदेव त्यात पटाईत होता. मग काय, मेल्यावर तो मोकळा झाला. सुंदरा पळी घेऊन समोर उभी राहायची आणि तो हात पसरून, पाय ओढत, बिनआवाजात मनातलं सगळं सांगत यायचा.

‘आज ती हिरवी साडी का नाही नेसलीस?’ एकदा तो म्हणाला.

पुढच्या रविवारी ती हिरवी साडी नेसून आली. योगायोग, सुकदेवला वाटलं.

‘नाक तुझं जरासं चपटं आहे,’ तो दुसऱ्या एका रविवारी म्हणाला. ‘पण बरं दिसतं.’

त्या शॉटला तिने पळी जरा जोरातच मारली.

‘आईच्या हातचं भरीत खाऊन वर्ष झालं गं,’ तो एकदा म्हणाला. खोलीवर पाच जण मिळून रोज खिचडीच शिजवायचे. त्यानंतरच्या रविवारी जेवणाच्या सुट्टीत सुंदरा त्याच्यापुढे येऊन उभी राहिली. हातात डबा. भरीत आणि कळण्याची भाकरी.

“मढ्यांनाही भूक लागते म्हणे,” ती म्हणाली.

“ताई... तुम्हाला कसं—”

“ताई म्हटलंस तर डबा परत नेईन.”

तो पुन्हा ताई म्हणाला नाही. खाल्लं मात्र सगळं.

मग एके दिवशी उषाबाईने सगळ्यांसमोर बातमी सांगितली. चलथाणहून स्थळ आलं होतं. मुलगा साखर कारखान्यात वजनकाट्यावर होता, कायमचा. “पुढच्या रविवारी बघायला येतात. बन्सीलाल, तुझं काय राहिलंय ते आजच उरकून घे.”

सुकदेवने ऐकलं. तोंडावरची हळद वाळून ताणत होती. आपण काय, खोलीत पाच जण, रोजंदारीचं काम... चलथाणवाल्यासमोर आपण कोण? त्याने मनाशी ठरवलं, गप्प राहायचं.

पण कॅमेरा चालू झाला, आणि समोर ती उभी राहिली. मेलेल्या माणसाला कसली लाज? त्याचे ओठ आपोआप हलले.

‘चलथाणला जाऊ नको. तू माले भलती आवडस.’

सुंदराच्या हातातली पळी वर गेली आणि वरच राहिली.

“मार ना!” बन्सीलाल ओरडला. “सुंदरा, मार!”

सुंदराने मारलं नाही. तिचेही ओठ हलले. आवाज नाही, काही नाही. पण सुकदेवने दहा वर्षं ओठ वाचले होते.

‘माले बी.’

मढं मटकन खाली बसलं.

“कट! अरे, याला काय झालं? पाणी द्या रे कोणीतरी!”

पाणी सुंदरानेच आणलं. ती शेजारी वाकून बसली.

“तुला... ओठ कळतात?” सुकदेवच्या तोंडून कसंबसं निघालं.

“आमच्या आप्पांची हयात लूमवर गेली. त्यातच कान गेले. आता गावी असतात. आमच्या घरात सगळे ओठांनीच बोलतात.”

“म्हणजे... पहिल्यापासून?”

“पहिल्या रविवारपासून.”

सुकदेवने भराभर सगळं आठवून बघितलं. हळदीखालीही त्याचे कान लाल झालेले दिसले. “ते नाकाचं पण?”

“ते तर कळलंच,” सुंदरा म्हणाली. मग तिचा आवाज उतरला. “पण सुकदेव, मावशीला ओठ कळत नाहीत. तिला आवाज लागतो.”

ती उठून गेली. सुकदेवने उषाबाईकडे बघितलं. उषाबाई ओट्यावर बसून मिरच्यांची देठं खुडत होती. तो दोनदा उठला आणि दोनदा बसला. लूममध्ये हात अडकला तरी न घाबरणारा माणूस, पण देठं खुडणाऱ्या बाईपुढे त्याचे पाय हलेनात.

तेवढ्यात शेवटच्या सीनची तयारी झाली. या सीनमध्ये खानावळीतली पोरगी हाकलून हाकलून थकते, मढ्यांशेजारी जाऊन पडते आणि भोंगा वाजताच त्यांच्याबरोबर उठते. बन्सीलालने दोन वाट्या आणल्या. सुकदेवची हळद ताकासारखी फिकट झाली होती, म्हणून आधी त्याला नवा लेप लावला. मग शब्द दिल्याप्रमाणे दुसरी वाटी सुंदरापुढे धरली.

सुंदराने ती वाटी बाजूला सरकवली.

“ही नको.”

“का गं? ताजी आहे.”

“ताजी नको.” तिने हात लांब करून सुकदेवची वाटी उचलली. तळाशी थोडी हळद उरली होती. तिने दोन बोटं बुडवली आणि आपल्या गालाला लावली. एका गालाला, मग दुसऱ्या.

उषाबाईच्या हातातलं मिरचीचं देठ तसंच राहिलं.

“सुंदरा,” ती म्हणाली, “ती त्याची उष्टी आहे. कळतंय ना, काय करतेयस?”

“कळतंय, मावशी.”

उषाबाई सावकाश सुकदेवकडे वळली. “अन् तू रे मढ्या? तुला तोंड दिलंय का देवाने, का नुसता जबडा?”

सुकदेव उठला. या वेळी बसला नाही. त्याने श्वास घेतला. लूमवर काम करणाऱ्या माणसाला हळू बोलायचं माहीत नसतं. एक तर ओठ, नाहीतर ओरडणं.

“मावशी, मला तुमची सुंदरा पाहिजे!”

पलीकडच्या गल्लीतलं कुत्रं भुंकायला लागलं. वरच्या खिडकीतून दोन डोकी बाहेर आली.

“अरे हळू,” उषाबाई म्हणाली. “माझे कान शाबूत आहेत.” तिने एक देठ खुडलं. मग आणखी एक. “जेवतोस कुठे?”

“खोलीवर. खिचडी.”

“उद्यापासून इथे यायचं. माणूस जेवतो कसा ते बघितल्याशिवाय मी पोर देत नाही. तुझ्या आईला बोलावून घे, हिच्या आप्पांना मी सांगावा धाडते. आणि चलथाणवाल्यांना...” तिने देठांचा ढीग बाजूला सारला. “त्यांना मी बघते. हळद लागलेली पोर काय दाखवायची?”

“मावशी,” बन्सीलाल काकुळतीला आला, “ऊन चाललं. मेलेल्यांना पडू द्या ना!”

दोघं शेजारी शेजारी जमिनीवर पडली. मध्ये वीतभर अंतर होतं. सुंदराने मान जराशी वळवली. दोघांच्या गालांना एकच हळद होती. तिचे ओठ हलले.

‘मी उठलेच नाही तर?’

‘उठवीन,’ तो म्हणाला.

‘कसं?’

‘भरीत मागेन.’

ती हसू दाबायला लागली, तिचे खांदे हलले, आणि बन्सीलाल ओरडला की मढी हसत नाहीत. मग त्याने भोंगा वाजवला.

सुकदेवच्या आधी तीच उठली.