जांभळी सही

रविवारच्या दुपारी पद्मजा सेलूच्या मुलींच्या शाळेत आली, तेव्हा जिनिंगच्या गिरणीकडून उडालेला कापूस अंगणभर तरंगत होता. ती शाळेची क्लार्क. सोबत शिपाई भुजंग. काम साधंच होतं, माजी विद्यार्थिनींच्या मेळाव्याची निमंत्रणं छापायची.

मुख्याध्यापिका राजेश्रीबाईंना जाऊन वर्ष होत आलं होतं. त्यांच्या शोकसभेला गावातलीच चार माणसं आली. सासरी पांगलेल्या पोरींना कुणी कळवलंच नव्हतं. ते पद्मजाला फार लागलं होतं. म्हणून हा मेळावा, आणि पत्रावर सही बाईंचीच. त्याशिवाय पोरी येणार नाहीत, असं तिला वाटत होतं.

जुन्या दाखल्यावरची बाईंची नेहमीची जांभळ्या शाईतली सही तिनं स्कॅन करून आणली होती. पत्रात टाकली, तर भोवतीचा पांढरा चौकोन खालचं नाव झाकायला लागला. पद्मजानं कडा कापल्या, चित्र मजकुरामागं सारलं. मग सही नीट बसली.

पहिलं पत्र बाहेर आलं. भुजंगनं उचललं आणि तो तसाच उभा राहिला.

"ताई... ह्या प्रिंटरात रंग कवा भरला?"

"रंग कुठला? काळाच आहे त्यात."

"मग ही जांभळी कशी?"

पद्मजानं बोट टेकवलं. बोटाला शाई लागली. ओली.

दुसरं पत्र आलं. त्यावरची सही जरा तिरकी. तिसऱ्यावर शेवटचा फाटा लांबलचक ओढलेला. पडद्यावर मात्र एकच सही, जशीच्या तशी.

दौतीतल्या शाईचा वास खोलीत दाटला. शेजारी बाईंची खोली. तिला कुलूप होतं. आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग निब कागदावर फिरल्याची बारीक कुरकुर... थांबायची, पुन्हा सुरू व्हायची.

"ताई," भुजंग कुजबुजला, "बाई सह्या करायल्यात..."

पद्मजाच्या अंगावर सर्रकन काटा आला. तेवढ्यात प्रिंटरमधले कागद संपले आणि भिंतीपलीकडून तीनदा टकटक ऐकू आली. वर्गात कुणी रेंगाळलं, की बाई टेबलावर अशीच पट्टी आपटायच्या. पद्मजाला भीतीतच हसू फुटलं, डोळे भरून आले.

"थांबा हो बाई," ती म्हणाली, "भरते कागद!"

मेळाव्याला अंगण पुरलं नाही. पूर्णेहून, जिंतूरहून, चारठाण्याहून पोरी आल्या, कडेवर पोरं घेऊन. संघप्रिया आता स्वतः मास्तरीण झालेली. तिनं पत्र सगळ्यांना दाखवत फिरवलं. "बगा गं, बाईंनी हातानं सही केली माझ्यासाठी!"

"माज्यावर बी हाय की!"

प्रत्येकीची सही निराळी. बाई गेल्याचं आता सगळ्यांना कळलं होतं, तरी कुणी विचारलं नाही, कशी. पदर खोचून त्या फुगड्यांना उभ्या राहिल्या आणि धुरळा पार छपरापर्यंत गेला. पद्मजाही इतकी फिरली, की तिला धरून बसवावं लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, अजून गुणगुणतच, तिनं आभाराची पत्रं टाइप केली. ही तिच्या नावानं होती. सहीची जागा मोकळी सोडली. आता हातानंच करू म्हणाली.

भुजंगनं पहिलं पत्र उचललं.

"ताई, तुमची सही कवा स्कॅन केली?"

"माझी? कधीच नाही."

त्यानं कागद पुढं केला. मोकळ्या जागेत पद्मजाचीच सही होती, तिच्या नेहमीच्या वाकड्या 'ज'सकट. जांभळी.

पेन तर तिच्या हातात, टोपण लावलेलंच होतं, आणि भिंतीपलीकडून निबची तीच बारीक कुरकुर येत होती.