कोपऱ्यातल्या खाटेचा श्वास

आफ्रिकेत नाईलकाठच्या अचोली मुलखातल्या त्या लहानशा मिशन हॉस्पिटलात अमोनी नर्स म्हणून नवीनच बदलून आली होती. पहिल्याच दुपारी तिच्याकडे एक साधं काम आलं. ऑपरेशननंतर रोग्यांना शुद्धीवर येईपर्यंत ज्या खोलीत ठेवत, तिथले ऑक्सिजनचे मीटर बंद आहेत ना, एवढंच बघायचं होतं. खोलीत कोणी नव्हतं. बाहेर आंब्याखाली रोग्यांसोबत आलेल्या बाया तीळ कुटत होत्या, त्याचा धप धप आवाज येत होता. खिडकीच्या जाळीवर पिठासारखी धूळ साचली होती.

कोपऱ्यातल्या रिकाम्या खाटेवरचा मीटर मात्र चालू होता. काचेच्या नळीतली गोळी वर चढे, थबके, हळूच खाली येई. खालच्या बाटलीतल्या पाण्यात बुडबुडे फुटत, थांबत आणि पुन्हा फुटत.

अमोनीनं चावी घट्ट आवळली. गोळी खाली बसली. ती दाराकडे वळली, तेवढ्यात पाठीमागे पुन्हा बुडबुड ऐकू आली.

"राहू द्या, सिस्टर," दारातून कोणी तरी म्हणालं. ती लामुनू होती. या फरश्या पुसता पुसताच तिचे केस पिकले होते. "थोडाच घेते ती. आम्ही कोणी बंद करत नाही."

"ती कोण?"

लामुनूनं बादलीत फडकं पिळलं. "अचिरो. बाजारात सुकी मासळी विकायची. तोंडाची फटकळ, पण मापाला पक्की. पोटातली गाठ काढली, चांगली निघाली. इथं आणून निजवली तिला. मग वीज गेली, ऑक्सिजन बनवणारं यंत्र बंद पडलं, भिंतीतल्या नळ्यांत काही उरेना. ऑक्सिजन उतरला की तिकडं भिंतीवरच्या पॅनेलची घंटा वाजायला हवी होती. पण ती ऊठसूट केकाटते म्हणून कोणी तरी तिचा आवाज आधीच बंद करून ठेवलेला. अचिरो हात हलवत होती. सगळ्यांना वाटलं, भुलीत नाचतेय. हसले की हो सगळे."

अमोनीनं भूल देणाऱ्या डॉक्टर किदेगांना विचारलं. ते म्हणाले, "जोडणी गळतेय. दुसरं काय असणार?" पण त्या खाटेवर ते कधी रोगी ठेवत नसत, हेही तिच्या ध्यानात आलं. हळूहळू तिलाही त्या आवाजाची सवय झाली. घरात कोणी आजारी माणूस झोपलेलं असावं, तशी ती त्या कोपऱ्याजवळून दबक्या पावलांनी जाऊ लागली.

मग आलोयो आली. टायफॉइडनं आतडं फुटलेली सात वर्षांची पोर. ऑपरेशन करून तिला मधल्या खाटेवर आणलं, तेव्हा ऊन अजून डोक्यावर होतं. तिला निजवलं न निजवलं तोच वीज गेली. जनरेटर दोनदा धापा टाकून गप्प झाला. अमोनीनं राखीव सिलिंडर भिंतीतल्या नळ्यांना जोडले. भरलेले सिलिंडर घेऊन येणारा ट्रक अजून नाईल नदीच्या पुलापलीकडेच अडकला होता.

या वेळी घंटा वाजली. पॅनेलवरचा काटा खाली येत होता. आलोयोचे ओठ जांभळे पडत चालले. अमोनीनं श्वास द्यायचा रबरी फुगा तिच्या तोंडावर धरून दाबायला सुरुवात केली. कोपऱ्यातली गोळी मात्र कधी नव्हे इतकी वर चढली होती. बाटलीतलं पाणी खदखदत होतं.

आतल्या ऑपरेशनच्या खोलीतून किदेगा ओरडले, "काटा का उतरतोय? माझ्यापुढं पोट उघडलेला माणूस आहे. कुठं गळत असेल ते बंद कर."

अमोनीनं लामुनूकडे पाहिलं. भिंतीतल्या पेटीत त्या कोपऱ्यापुरता वेगळा व्हॉल्व्ह होता.

"मी फुगा दाबते," लामुनू म्हणाली. "तुम्ही जा. पण सिस्टर... तिच्याकडे पाठ करू नका. मागच्या खेपेला कोणी बघितलंसुद्धा नव्हतं."

अमोनीनं व्हॉल्व्हवर हात ठेवला आणि खाटेकडे तोंड केलं. "माफ कर, मावशी," असं पुटपुटत तिनं दांडा फिरवला.

बुडबुडे थांबले. मग एकदम गादी खाली दबली. चादरीवर टाचा घासल्याची सुरकुती उमटली... दुसरी उमटली. खाटेची दांडी थडथडू लागली. खोलीत सुक्या मासळीचा वास दाटला. अमोनीचा एप्रन कोणी तरी मुठीत धरून ओढला. ओढ मोठी नव्हती. विहिरीत पडलेलं माणूस दोराला धरतं, तशी होती. तिला वाटलं, दांडा जरासा उघडावा... जरासाच. पलीकडे आलोयोच्या ओठांवर तांबूस रंग चढत होता. तिनं हात हलवला नाही. ती बघत राहिली. ओढ सैल होत गेली, मग एकेक बोट सुटल्यासारखा एप्रन सुटला.

चादर सपाट झाली.

"गेली," लामुनू म्हणाली आणि फुगा दाबत राहिली.

ट्रक आला. पोर वाचली. कोपऱ्यातला मीटर पुढं कधी आपणहून हलला नाही. किदेगांनी त्या खाटेवर रोगी ठेवायला सुरुवात केली. "गळती एकदाची थांबली," असं ते सगळ्यांना सांगत. लामुनू मात्र त्या खाटेखालची फरशी पुसेनाशी झाली.

पावसाळा सुरू झाल्यावर आलोयोची आई तिला दाखवायला घेऊन आली. पोरीच्या गालांवर मांस आलं होतं. अमोनीसाठी त्यांनी तिळाचं वाटण आणलं होतं.

"जेवते, खेळते, भांडतेही," आई म्हणाली. "पण रात्री तिच्याजवळ तिची बहीण झोपत नाही. म्हणते, ही दोनदा श्वास घेते. औषधांमुळं होतं का हो असं?"

"छातीत कफ असेल," अमोनी म्हणाली. तिनं छाती तपासायची नळी कानांना लावली, पोरीला जवळ ओढलं आणि तिच्या पाठीवर चकती टेकवली. श्वास स्वच्छ होता.

"आता श्वास रोखून धर बघू. मी सांगेपर्यंत सोडायचा नाही."

आलोयोनं गाल फुगवले, ओठ घट्ट मिटले, हसत आईकडे बघितलं. तिची छाती जागच्या जागी थांबली.

अमोनी ऐकत राहिली. आत श्वास चालूच होता. सावकाश, खोल, मोठ्या बाईमाणसाचा.