छप्पन्नाचा फरक

कार्बनचे ब्याऐंशी अणू एकमेकांना धरून बंद पिंजरा करतात. तो घडत असतानाच एखादा धातूचा अणू आत सापडला, तर कायमचा कोंडला जातो. पिंजरा मिटल्यावर आत काही शिरत नाही. गंगापूर रोडवरच्या आमच्या कॉलेजात एकोणीस वर्षं मी हे शिकवतोय.

सिन्नरहून रोज एसटीने येणारी पूजा आव्हाड माझ्याकडे पीएचडी करते. जानेवारीत तिने लँथॅनम या धातूचा अणू कोंडलेले पिंजरे करायला घेतले. ग्रॅफाइटच्या दोन कांड्यांत ठिणगी पाडायची, काजळी धरायची, धुवायची, गाळायची. चार महिन्यांच्या खटपटीनंतर चिमूटभर काळी भुकटी हाती आली. रेणूचं वजन मोजलं: ११२३. हवं तेवढंच.

पुढच्या सोमवारी तीच भुकटी ११७९ भरली. छप्पन्न जास्त. म्हणजे लोखंडाचा एक अणू.

भांड्याचं लोखंड उतरलं असणार, मी म्हणालो. भुकटी काचेच्या कुप्यांत वाटली, तोंडं वितळवून बंद केली. दर सोमवारी एक फोडायची.

१२३५. मग १२९१.

बाहेर चिकटलेलं लोखंड निघून जावं म्हणून भुकटी आम्लात धुतली, तरी आकडा हलला नाही. लोखंड आत होतं.

त्याच सुमारास पूजाला जिना चढताना धाप लागू लागली. नखं पांढरी पडली. हिमोग्लोबिन सहावर आलं होतं. प्रवास, जागरणं, डब्यातली अर्धी भाकरी. मी कारणं सांगितली आणि मला ती पटलीही. तिला घरी पाठवलं. निघताना ती म्हणाली, "सर, कुप्या माझ्या टेबलाच्या खणात असायच्या. तुम्ही जवळ ठेवू नका."

मी हसलो. उरलेल्या दोन कुप्या कॉलेजातल्या माझ्या खोलीतल्या कपाटात ठेवल्या.

तीन आठवड्यांनी तिचा फोन आला. रिपोर्ट सुधारला होता. औषधं लागू पडली, मी म्हणालो.

त्या शुक्रवारी कॉलेजात रक्तदान शिबिर होतं. मी दरवर्षी पहिल्या रांगेत असतो. नर्सबाईंनी बोट टोचलं, थेंब मोरचुदाच्या निळ्या पाण्यात सोडला. रक्तात लोह पुरेसं असलं की तो बुडतो.

तो तरंगत राहिला.

त्यांनी दुसरं बोट टोचलं. तोही.

पाणी जुनं असेल, मी म्हणालो.

त्यांनी शेजारी उभ्या असलेल्या कॉमर्सच्या मुलीचा थेंब सोडला. तो सरळ तळाला गेला.

मग त्यांनी समोरच्या यादीवरून बोट फिरवलं आणि हळू आवाजात विचारलं, "सर, तुमच्या मजल्यावर काय आहे? तिथून आलेल्या एकाचाही थेंब बुडत नाहीये."