डावीकडे दीड इंच

जुन्या मोटारींच्या धंद्यात दोनच प्रकारची माणसं भेटतात. विकणारे रडतात आणि घेणारे मिरवतात. गाडी दोघांनाही कळत नाही. या दोघांच्या मधे उभं राहून मी तेवीस वर्षं हात काळे केले, आणि दोघांविषयी मला सारखाच तिटकारा आहे. चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत माझी शेड आहे. तिथं मी मेलेल्या गाड्या उठवतो आणि ज्यांची लायकी नाही अशा लोकांच्या हवाली करतो.

गेल्या साली, ब्याण्णवच्या अखेरीस, नानासाहेब आले. गारखेड्याच्या जमिनीचे प्लॉट पाडून विकल्यापासून त्यांना आपल्या घराण्याची थोरवी आठवायला लागली होती. मुलीची वरात जुन्या मोटारीतून काढायची होती. गाडी अगदी अस्सल हवी, पण त्यात टेपरेकॉर्डर हवा. गाढवाला गुळाची चव काय, असं मनात म्हणत मी काम घेतलं. फाल्गुनातल्या लग्नाच्या दिवशी गाडी त्यांच्या दारात उभी करीन, असा शब्द दिला. माझ्या हातून आजवर एकही गाडी खोट ठेवून गेलेली नाही. माझ्याजवळ अभिमान बाळगण्यासारखं तेवढंच होतं.

गाडी सोयगावला सापडली. अडतीस सालची, इंग्लिश बनावटीची, एका जहागीरदाराच्या जनान्याची. मागच्या खिडक्यांना पडद्यांच्या दांड्या होत्या आणि मागच्या दोन्ही दारांना आतून कडीच नव्हती. आतल्या बाईनं स्वतः दार उघडायचं नाही, ड्रायव्हरनं बाहेरून उघडायचं, अशी ती रीत. तो ड्रायव्हर कडूबा. अठ्ठेचाळीसच्या पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत जहागीरदाराच्या बाईसाहेबांना घेऊन तो शहरातून निघाला आणि थेट आपल्या गावी आला. पुढं तो तिथंच राहिला आणि गाडी गोठ्याशेजारच्या छपरात राहिली. आता कडूबा नव्हता, आणि त्याच्या मुलाला, बन्सीला, ते छप्पर म्हशींसाठी हवं होतं.

सगळी गाडी गंजली होती. फक्त मागच्या डाव्या दाराच्या बिजागऱ्यांना ताजं तेल होतं.

ते तेल कडूबाची बायको घालत होती. सरूबाई, सत्तरीची, वाळून गेलेली. मी गाडीखाली आडवा पडून चासीचा नंबर खरवडत होतो आणि ती वर उभी राहून बोलत होती. गावाला पोचल्यावर कडूबानं दार उघडलं, मान खाली घातली, पण कोणी उतरलं नाही. बऱ्याच वेळानं त्यानं भीत भीत वर पाहिलं तर सीट रिकामी. पण गाडी मात्र दबलेलीच.

"तवापासनं रोज चार वाजता दार उघडायचं, साहेब. मान खाली. गाडी उचलली म्हंजे बाईसाहेब उतरल्या."

ती आणखीही काही सांगत होती. मी ऐकलं नाही. मी काही कीर्तनाला बसलो नव्हतो. चाकाखाली दगड लावा, असं मी बन्सीला ओरडून सांगितलं आणि तिचं बोलणं त्यात बुडालं.

तीन महिने काम चाललं. बद्रीनाथ नावाचा एक भंगारवाला आहे, लबाड माणूस, पण जुने सुटे भाग त्याच्याइतके कोणाकडे नसतात. त्याच्याकडून दिवे आणले, घड्याळ आणलं. इंजिन पहिल्या दणक्यात सुरू झालं. रंग चढला. मग गाडी जॅकवरून खाली घेतली आणि पाहिलं, तर ती मागून डावीकडे झुकलेली.

दीड इंच. टेप लावून मोजलं.

नाचता येईना अंगण वाकडे म्हणणाऱ्यांपैकी मी नाही, तरी पाणपातळी लावून फरशी तपासली. सरळ होती. मागच्या चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे थकले असतील म्हणून नवे बसवले. दीड इंच. मग डावे पाटे उजवीकडे आणि उजवे डावीकडे घातले. खोट पाट्यांत असती तर गाडी उजवीकडे झुकली असती. ती डावीकडेच राहिली.

नानासाहेबांच्या हट्टापायी मागच्या दारांना आतून कड्या बसवल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी डाव्या दाराची कडी सीटवर ठेवलेली मिळाली. चारही स्क्रू तिच्या शेजारी, एका ओळीत. शेडची किल्ली माझ्याकडेच असते. मी बद्रीनाथच्या कड्यांना शिव्या दिल्या आणि पुन्हा बसवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

शेवटी उजव्या सीटवर वाळूच्या पिशव्या ठेवत गेलो. दहा किलो, वीस, चाळीस. पन्नास किलोला गाडी सरळ झाली.

डाव्या सीटवर काहीही नव्हतं. मी हात फिरवून पाहिला. गादीचं नवं कातडं गार होतं, मधे मात्र कोमट होतं.

लग्न चार दिवसांवर आलं. माझी बायको भानुमती डबा घेऊन शेडवर आली तेव्हा मी गाडीला लाथ मारत होतो. भानुमती अंगानं काडी, पंचेचाळीस किलो, आणि स्वभावानं भाबडी. सोयगावची हकिकत मी तिला चेष्टा म्हणून सांगितली होती. तिनं डबा ठेवला.

"अहो, त्या म्हातारीनं सांगितलंय तसं एकदा दार तर उघडून बघा. तुमचं काय जातंय?"

मी आयुष्यात कोणासाठी दार उघडून उभा राहिलेलो नाही. बायकोसाठी तर नाहीच. पण तिला एकदा तोंडावर पाडावं म्हणून मी कबूल झालो. तिच्या हातात टेप दिला आणि मडगार्डाला लावून दाराजवळ उभं केलं. उन्हाचा एक पट्टा शेडच्या पत्र्यातून गाडीवर पडला होता. घड्याळात चार वाजले होते.

मी दार उघडलं. हसू दाबण्यासाठीच मान खाली घातली.

पाटे करकरले.

"दीड इंच वर आली," भानुमती म्हणाली. तिचा आवाज अगदी हळू होता. मी वर पाहिलं. गाडी पाटीसारखी सरळ उभी होती. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. मी धाडकन दार लावलं आणि तिला म्हणालो, गंजलेला बोल्ट कुठंतरी अडकला होता, तो सुटला. टेप तिच्या हातातून गळून पडला होता.

वरात थाटात निघाली. आतल्या कड्या जागच्या जागी होत्या. नानासाहेबांनी चारचौघांत माझी पाठ थोपटली.

परतताना भानुमती स्कूटरवर मागे बसली, तर मागचं टायर बसलं. पंक्चर असेल म्हणून पाहिलं. नव्हतं.

आठवड्यानं सरूबाई गारखेड्यात आमच्या घरी आली. सोयगावहून एसटीनं, एकटी. भानुमती पाणी घेऊन बाहेर आली तशी म्हातारी उठून उभी राहिली. तिनं पदर पुढं ओढला आणि नजर खाली केली. पाण्याला हात लावला नाही. मग मला विचारलं, दार उघडलं का. मी म्हणालो, उघडलं, गाडी उचलली, दार लावलं.

"लावलंत तवा गाडी परत दबली व्हती का?"

"नाही. सरळ करायलाच तर उघडलं होतं."

"त्या पाय मोकळे करून परत बसंस्तोवर उभं ऱ्हायचं असतं, साहेब. मंग दार लावायचं. म्या सांगितलं व्हतं." ती दाराकडे सरकली. "उतरल्या आन दार बंद. बसायला काय तरी लागतंच की त्यांना."

मी तिला हसलो नाही. हसायचं होतं, पण जमलं नाही. तुमच्याकडे उपाय काय, असं मी विचारलं. माझ्या तोंडून तो प्रश्न कसा निघाला, कोण जाणे.

तिनं भानुमतीकडे न पाहता मान हलवली.

"गाडीला दार व्हतं. माणसाला कुठं असतं?"

डॉक्टरांनी भानुमतीला वजनकाट्यावर उभं केलं. पंच्याण्णव. काटा बिघडलाय म्हणून ते स्वतः उभे राहिले. काटा बरोबर होता. भानुमती अजूनही काडीच आहे. तिची बांगडी कोपरापर्यंत सरकते.

घरातल्या तिच्या पलंगाची उंची मी रोज टेपनं मोजतो. तिला सांगत नाही.

गेले तीन आठवडे तिनं मला 'अहो' म्हणून हाक मारलेली नाही. जेवायला वाढते, पण माझ्याशी बोलत नाही. बंद दारापाशी आली की थांबते. हात पुढं करत नाही. मी उघडलं की जाते.

रोज चार वाजता मी घराचं पुढचं दार उघडून धरतो. ती बाहेर जाते, अंगणात थोडी फिरते, परत येते. दोनदा मी वाट पाहिली, की निदान आज एकटी परत येईल. पायरीवरची सुटी फरशी तिच्या पायाखाली तशीच खचली.

काल दुपारी न्हाणीघरातला नळ बंद झाला, तरी पाऊण तास ती बाहेर आली नाही. हाका मारल्या. तेवीस वर्षांत मला कशाची भीती वाटली नव्हती. काल वाटली.

दार ओढलं. एका बोटानं उघडलं. कडी लावलेलीच नव्हती.

भानुमती नीट साडी नेसून, दाराला नाक टेकेल इतक्या जवळ उभी होती. केस कधीच वाळले होते.

मी मान खाली घातली, बाजूला झालो, आणि ती जाईपर्यंत वर पाहिलं नाही.