पेला न हलवणारा माणूस

"हलू नका," वाळूत गुडघे टेकून बसलेला तरुण म्हणाला, "माझं हृदय तुमच्या पायाखाली आहे."

झुवैनाचं पाऊल जागच्या जागी थांबलं. सँडलशेजारी वाळूत नखाएवढी रुपेरी पट्टी चमकत होती. तिने ती उचलली, फुंकर मारली.

"हृदय तुमचं असेल, पट्टी माझी आहे. तीन वर्षं खपलेय मी हिच्यावर. घाम आला की सुटते... तेवढं अजून जमायचंय."

अझ्झानशी तिची ओळख झाली ती अशी. ओमानच्या वाळवंटातल्या त्या तळावर माणसं मंगळावर असल्यासारखी राहून पाहत. अझ्झान त्यांतलाच एक. छातीवर झुवैनाची पट्टी लावून तो दिवसभर जड पोशाखात हिंडायचा आणि त्याची नाडी, श्वास, अंगाचं तापमान तिच्या पडद्यावर उमटायचं. अंतराळात हाकेच्या अंतरावर डॉक्टर नसतो. तिथे अशी पट्टीच डॉक्टरचे डोळे.

सकाळी सगळे बाहेर पडण्याआधी झुवैना सगळ्यांना कहवा, म्हणजे वेलदोड्याची बिनदुधाची कॉफी, द्यायची. तिथली रीत अशी, की पुरे झाला की रिकामा पेला हलवायचा. नाही हलवला, तर देणाऱ्याने ओतत राहायचं. अझ्झान हलवतच नसे.

"मनगट मोडलंय का रे तुझं?" तळाचे स्वयंपाकी हमूदकाका विचारत.

"कहवा छान असतो, काका."

"कहवा मी करतो. माझ्याकडे तर बघतही नाहीस."

बाराव्या दिवशी मात्र झुवैना रडवेली झाली. रोज सकाळी सातला, नुसता बसलेला असताना, अझ्झानची नाडी एकशे आठवर उडी मारत होती. उद्या दुपारी मस्कतहून तपासणी समिती येणार. कारण न सापडलेली उडी म्हणजे पट्टीतला दोष — आणि सदोष पट्टी अंतराळात कोण पाठवील?

"कहव्यानं होत असेल," अझ्झान पेल्यात बघत म्हणाला.

"मग उद्या तपासू. एका वेळी एकच गोष्ट बदलायची."

दुसऱ्या सकाळी कहवा तोच, खजूर तेच, ओतायला हमूदकाका. पडद्यावर बाहत्तर. अझ्झानने पहिल्याच घोटानंतर पेला हलवला.

मग झुवैनाने किटली डाव्या हातात घेतली. अठ्ठ्याऐंशी... शंभर... एकशे आठ.

काका खोकले आणि खजुराच्या बिया वेचू लागले.

"पट्टी बरोबर आहे," ती हळूच म्हणाली. तिचे कान तापले होते. "अहवालात कारणाच्या रकान्यात काय लिहू?"

"खरं तेच. नाहीतर तुमची तीन वर्षं वाया जातील." तो थांबला. "आधीच सांगायला हवं होतं... पण वाटलं, तुम्ही ओतायचंच बंद कराल."

झुवैनाने किटली खाली ठेवली. मग "एकाच माणसावरून निष्कर्ष काढत नाहीत," म्हणत तिने दुसरी पट्टी स्वतःच्या मनगटावर चिकटवली आणि पडदा त्याच्याकडे फिरवला.

एकशे अकरा.

दुपारी समितीतल्या वयस्क डॉक्टरीणबाईंनी रकाना वाचला : ‘कारण : समोरचा माणूस. दोन व्यक्तींत सारखंच आढळलं. पट्टी निर्दोष.’ त्यांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि मंजुरीचा शिक्का उमटवला.

"शुक्रवारी माझी आई निझ्वाला तुमच्या घरी येतेय," संध्याकाळी अझ्झान म्हणाला, "तुमच्या आईला भेटायला. बरोबर मीही... चालेल?"

झुवैनाने त्याचा पेला भरला.

"तिथे मात्र पेला हलवा. नाहीतर आईला वाटेल, हा माणूस उठणारच नाही."

"आणि इथे?"

"इथे नको."