हात सैल पडला

लोकरीच्या दुकानात मी धापा टाकत शिरले, तोच माझ्या डोळ्यांदेखत त्या राखाडी-हिरव्या लोकरीचे शेवटचे दोन गुंडे एका उंच माणसाच्या पिशवीत गेले.

"अहो, ते माझे आहेत," मी बोलून गेले.

"असं?" त्याने पिशवीत डोकावून पाहिलं. "काही बोलले नाहीत ते…"

मग मला सगळी रामकहाणी सांगावी लागली. दादाची बदली थंड गावी झाली होती, पुढच्या आठवड्यात तो निघणार होता आणि त्याला माझ्या हातचा स्वेटर घालूनच पाठवायचं असा मी चंग बांधला होता. पाठ झाली, पुढचा भाग झाला, एक बाही झाली. दुसरी कोपरापर्यंत आली आणि लोकर संपली. वेगळ्या लॉटची घेतली तर रंगात फरक पडणार, म्हणजे कोपराखालचा हात उसना आणल्यासारखा दिसणार.

दुकानाच्या मावशींनी मला दुजोरा दिला. हा शेजारचा चष्मेवाला, हेही त्यांनीच सांगितलं. त्याचं मनगट मोडलं होतं. प्लास्टर निघाल्यावर बोटं मोकळी व्हावीत म्हणून डॉक्टरांनी त्याला विणायला बसवलं होतं. त्याने पिशवीतून त्याच लोकरीचा मफलर काढला. सुरुवातीला तो चार बोटं रुंद होता आणि शेवटी टॉवेलएवढा. ओळीगणिक एक टाका वाढत होता आणि गृहस्थांना पत्ता नव्हता. मला हसू आवरेना.

"हसून घ्या," तो म्हणाला. "मग टाका कुठे वाढतो ते शिकवा, आणि न्या तुमचे गुंडे."

त्यामुळे रोज संध्याकाळी मी त्याच्या दुकानातल्या बाकावर विणत बसू लागले. तो चष्म्याच्या फ्रेमा बाजूला सारून मफलर उसवायचा, पुन्हा विणायचा. टाके मोजताना त्याचे ओठ हलत. सरळच सांगते, मला तो आवडला होता. पण स्वेटर संपला की या बाकावर यायचं कशाला, ते काही सुचत नव्हतं.

"दिवसभर लोकांच्या डोळ्यांत बघता," मी एकदा म्हणाले, "माझ्याकडे मात्र मान वर करून बघत नाही."

"तुम्हाला नंबर नाही ना… निमित्त काय काढणार?"

एवढं बोलून त्याने एक टाका सोडला. तो उचलून द्यायला मला चांगलाच वेळ लागला.

दोन गुंड्यांत बाही सहज व्हायला हवी होती. पण मनगटाची पट्टी राहिली आणि लोकर पुन्हा संपली. माझा अंदाज कधी चुकत नाही, म्हणून बुचकळ्यात पडून मी मावशींकडे गेले, मागोमाग तोही आला. मावशींनी दोन्ही बाह्या एकावर एक ठेवल्या. टाके तेवढेच, पण नवी बाही पट्टीशिवायच जुनीएवढी लांब.

"हात सैल पडलाय तुझा," मावशी म्हणाल्या. "एरवी विणतेस तर सुया कुरकुरतात. कुठे बसून विणलीस गं ही?"

"माझ्या दुकानात," चष्मेवाल्याने भाबडेपणाने सांगितलं.

मावशींनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि त्यांना आत काहीतरी काम आठवलं. माझे कान तापले.

"मग आता?" त्याने विचारलं.

"दोन उपाय आहेत," मी बाह्यांकडे बघत म्हणाले. "ही कोपरापर्यंत उसवायची आणि घरी एकटीने घट्ट विणायची. लोकर पुरेल."

"आणि दुसरा?"

"जुनी उसवायची… आणि हिच्यासारखी सैल विणायची. पण ते घरी बसून जमणार नाही. लोकरही जास्त लागेल."

त्याने पिशवीतून मफलर काढला, जो आता कुठे सरळ येऊ लागला होता. सुई उपसली आणि धागा ओढला. टाके भराभर सुटत गेले. धाग्याचं टोक त्याने माझ्या हातात दिलं.

"दादाचे हात लांब आहेत ना?"

"आहेत."

"मग उद्या जरा लवकर ये," तो म्हणाला, आणि 'या' म्हणायचं राहिलं हे लक्षात येऊनही त्याने ते सुधारलं नाही.

मी जुनी बाही उसवायला घेतली.

"येते," मी म्हणाले. "पण तू समोर बस."